हे जरा धरा

जगातलं पहिलं स्काउट शिबिर १९०७ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउनसी नावाच्या एका छोट्या बेटावर भरलं. मुलं वीसेक. काही ईटनसारख्या बड्या शाळांतली, काही आसपासच्या गावांतल्या कष्टकऱ्यांची. शिबिर भरवणारे बेडन-पॉवेल साहेब रोज सकाळी आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं लांबलचक शिंग फुंकून त्यांना उठवायचे आणि मग दिवसभर माग काढणं, गाठी मारणं, चूल पेटवणं चालायचं. प्रयोग इतका जमला की पुढल्याच वर्षी त्यावर पुस्तक निघालं आणि बघता बघता चळवळ जगभर पसरली. या यशाची कारणं जाणकारांनी पुष्कळ सांगितली आहेत. लहान गट, मोकळी हवा, मुलांवर टाकलेला विश्वास वगैरे. एक कारण मात्र त्यांच्या नजरेतून सुटलं असावं. बेटाला चारी बाजूंनी पाणी होतं आणि सगळे पालक पलीकडच्या काठावर होते. "सर, ह्याला काल दोन शिंका आल्या होत्या, तेवढं शिंग जरा लांबून फुंका," असं सांगायला एकही आई होडीत बसून आली नाही.

अर्थात बेटावर साहेब काही एकटे नव्हते. हाताशी सैन्यातला जुना मित्र मॅक्लारेन होता, आणि प्रकाशकाच्या कचेरीतून पर्सी एव्हरेट येऊन गेला. प्रकाशकाचा माणूस आपण होऊन लेखकाकडे येतो, हेच मुळात मराठी माणसाला पटायला जड. आमचे मित्रही सैन्यात नसतात, मध्य रेल्वेत असतात, आणि त्यांची रविवारीही ड्यूटी असते. तेव्हा बटाटे सोलायला उरतात ते पालकच.

आमचं पथक डोंबिवलीतलं. एखाद्या शाळेचं नव्हे, खुलं पथक. म्हणजे कुठल्याही शाळेचं मूल यात येऊ शकतं आणि कुठलीही शाळा याची जबाबदारी घेत नाही. दर रविवारी सकाळी सात वाजता एका मैदानावर आम्ही जमतो. लहानांचे कब आणि बुलबुल, दहा वर्षांपुढचे स्काउट आणि गाइड. मुलं पन्नासच्या आसपास आणि मोठी माणसं दोन. एक मी, स्काउट मास्टर, आणि दुसऱ्या गाइडच्या कॅप्टनबाई. कुलूप उघडणं, झेंड्याची दोरी लावणं, हजेरी घेणं, गुडघे फुटले की औषध लावणं, पाण्याच्या बाटल्यांचे मालक शोधणं, हे सगळं आम्हां दोघांत. माझा राखाडी शर्ट, निळी पँट आणि शिट्टी पाहून आमच्याच सोसायटीत आलेला नवा कुरिअरवाला मला पार्सल देतो आणि सही घेतो. सुरुवातीला मी समजावून सांगत असे. आता सही करतो. तोही सेवाभावच.

पालकांबद्दल माझ्या मनात राग नाही. डोंबिवलीच्या माणसावर रागावायला फार कठोर काळीज लागतं. स्काउटमध्ये मुलं प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या चढत जातात आणि त्याला काही वर्षं लागतात. त्यांचे आईबाप हे तिन्ही सोपान रोज सकाळी जलद लोकलमध्ये उरकतात: चढणं, टिकणं, आणि ठाण्याला उतरणाऱ्यांच्या लोंढ्याबरोबर न उतरणं. आठवड्याचे सहा दिवस हे केलेल्या माणसाला रविवारी सकाळी सात वाजता 'या, आपण साहस शिकू' म्हणून बोलावणं हा खरं म्हणजे अपमान आहे.

त्यामुळे रविवारचं दृश्य ठरलेलं. स्कूटर येते. इंजिन चालूच. वडिलांचा एक पाय जमिनीवर, दुसरा गाडीवर. मूल मागून उतरतं, दप्तर काढतं, स्कार्फ सरळ करतं, आणि ते "बाबा" हा शब्द पुरा करायच्या आत बाबा कोपऱ्यावर वळलेले असतात. मुलांना आम्ही माग काढायच्या खुणा शिकवतो. बाण म्हणजे या वाटेने जा, फुली म्हणजे या वाटेने जाऊ नका, आणि वर्तुळात एक टिंब म्हणजे 'मी घरी गेलो.' बेडन-पॉवेल साहेबांच्या केनियातल्या न्येरी इथल्या थडग्यावर ही शेवटची खूण कोरलेली आहे. उत्तरायुष्य चळवळीला वाहिल्यानंतर त्यांनी ती खूण मिळवली. आमचे पालक ती सात वाजून दोन मिनिटांनी मिळवतात.

हेच पालक संध्याकाळी कोडिंगच्या क्लासबाहेर दोन-दोन तास उभे असतात, हेही सांगायला हवं. तिथे फी इतकी जबरदस्त असते की मूल आत काही शिको न शिको, बाहेर उभं राहून आपण तरी ती वसूल करावी असं त्यांना वाटतं. आमची वर्गणी एका वडापावच्या पार्टीत संपेल एवढी. तेवढ्या पैशात कोण कशाला उभं राहील? फी चौपट करून पाहावी असं मी एकदा सुचवलं होतं. कॅप्टनबाई म्हणाल्या, "मग ते उभे राहतील, पण हिशेब विचारायला."

तर पालकसभा. वर्षातून एकदा ही घ्यावीच लागते. तिच्यात मी पाणी पितो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "डिसेंबरच्या शिबिरासाठी आपल्याला काही पालकांची मदत हवी आहे. कोण कोण येऊ शकेल?"

या प्रश्नानंतर वर्गात जे घडतं ते पाहण्यासारखं असतं. काही जणांना त्याच क्षणी फोन येतो, आणि तोही आवाज न करता. काहीजण भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा असा निरखून पाहू लागतात की जणू गडचिरोलीची हद्द आजच ठरायची आहे. नवरा-बायको दोघं आले असतील तर ती त्याच्याकडे बघते, तो तिच्याकडे बघतो, आणि दोघं मिळून समोरच्या बाकावरच्या गृहस्थाकडे बघतात. शेवटच्या बाकावरून कोणीतरी हात वर करतं. माझ्या पोटात आशा हलते. पण तो हात सूचनेचा असतो. "सर, तुम्ही यूट्यूब चॅनल का नाही काढत?" हे गृहस्थ दरवर्षी असतात. माणूस बदलतो, सूचना फारशी बदलत नाही. त्यांच्यानंतर एक बाई विचारतात, "याचे दहावीला किती मार्क धरतात?" आणि मग सभा खऱ्या अर्थाने रंगते, कारण या विषयावर प्रत्येकाकडे काही ना काही माहिती असते आणि ती दुसऱ्याच्या माहितीशी जुळत नसते.

वेळ नाही, हे कारण सगळ्यात लाडकं. एका वर्षी मी तयारी करून गेलो होतो. म्हटलं, "न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचं नाव ऐकलंय? नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, पुढे सुप्रीम कोर्टात गेले. एवढ्या व्यापातून त्यांनी स्काउट चळवळीसाठी वर्षानुवर्षं वेळ काढला." क्षणभर शांतता पसरली. वाटलं, लागलं निशाणावर. तेवढ्यात खिडकीजवळचे एक गृहस्थ अगदी सौम्यपणे म्हणाले, "कोर्टाला मे महिन्याची सुट्टी असते, सर."

यावर उत्तर नाही. मी अजून शोधतो आहे.

दुसरा प्रश्न मोबदल्याचा, आणि तो सरळ कोणी विचारत नाही. "तुम्हांला यातून... म्हणजे सरकारकडून वगैरे..." असा तो अर्धवट येतो. मी खरं ते सांगतो. शिकवणाऱ्या मोठ्या माणसांसाठी प्रशिक्षणाच्या पायऱ्या असतात, त्या पार पाडत गेलं की शेवटी हिमालय वुड बॅज मिळतो, म्हणजे गळ्यात घालायला एक चामड्याची दोरी आणि तिच्यात ओवलेले दोन लाकडी मणी. १९१९ साली लंडनजवळच्या गिलवेल पार्कात पहिला वर्ग झाला तेव्हापासूनची ही पद्धत. मूळचे मणी एका झुलू राजाच्या माळेतले असल्याचं सांगतात. इतकं रसाळ वर्णन ऐकून पुढल्या बाकावरच्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाल्या, "बघा, दोन मणी. मला लग्नात तुम्ही दोन वाट्या तरी दिल्या होत्या."

सभेनंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप जातो. 'शिबिरासाठी स्वयंसेवक पालक हवेत. कृपया नावे कळवावीत.' पहिल्या तासात जोडलेल्या हातांची रांग लागते. अंगठे येतात, फुलं येतात, 'खूप छान उपक्रम' येतं, एक तिरंगा येतो. शुभेच्छांचा एवढा साठा जमतो की त्या शिजवता आल्या असत्या तर शिबिराचं जेवण निघालं असतं. नाव एकही नसतं. देशातल्या निरनिराळ्या स्काउट संघटना १९५० च्या नोव्हेंबरात एकत्र येऊन भारत स्काउट्स झाल्या, पुढल्या वर्षी गाइडही त्यात आल्या. एवढं मोठं काम झालं ते व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता म्हणून, असं माझं प्रामाणिक मत आहे.

या प्रकाराचा उलगडा मला एका फ्रेंच माणसाने केला. माक्सिमिल्यां रिंगेलमान. शेतकी अभियंता होता. शेतात बैल, यंत्र आणि माणूस यांचा जोर किती लागतो हे मोजणं त्याचा धंदा. त्याने माणसांना दोर ओढायला लावला. आधी एकेकट्याला, मग दोघांना, मग आणखी. जितकी माणसं वाढली तितका प्रत्येकाचा जोर कमी झाला. आठजण मिळून ओढू लागले तेव्हा प्रत्येकाचा जोर जवळजवळ निम्म्यावर आला होता. १९१३ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. मी वाचलं तेव्हा वाटलं, हा माणूस आमच्या पालकसभेला येऊन गेला असणार. आठजणांत निम्मा, तर ऐंशीजणांच्या ग्रुपवर किती उरणार? जोडलेले दोन हात. तेवढेच.

म्हणजे दोर सगळ्यांपुढे टाकायचा नसतो. एकाला गाठून त्याच्या हातात टोक द्यायचं असतं. हे मला पुस्तकातून कळलं, पण करून दाखवलं ते झेंड्याच्या काठीने. एका रविवारी काठी वाऱ्याने कलली होती आणि मी एक हात काठीला, एक हात दोरीला लावून तिसऱ्या हाताच्या शोधात होतो. नेमकी तेव्हाच एक स्कूटर आली. मुलगी उतरली. इंजिन चालू. मी विनंती केली नाही, सहकार्याचं आवाहन केलं नाही, मुलांच्या भवितव्याचा उल्लेखही केला नाही. "हे जरा धरा," म्हटलं आणि दोरीचं टोक त्यांच्याकडे टाकलं. माणसाच्या अंगावर काही आलं की तो झेलतो, त्याला इलाज नाही. आणि दोरी दोन्ही हातांनी धरायची तर स्कूटर बंद करावी लागते.

उरलेलं टोक बांधायला मी एरवीपेक्षा बराच जास्त वेळ घेतला. मुद्दाम. गृहस्थ रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. माझी गाठ बघून पहिल्या मिनिटाला ते अस्वस्थ झाले, दुसऱ्या मिनिटाला म्हणाले, "ही सरकणार," आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी माझ्या हातून दोरी काढून घेतली. पुढच्या रविवारी ते आले ते थेट काठीपाशी. मुलीला सोडायला नव्हे, आपली गाठ टिकली का ते बघायला. टिकली होती. त्यांनी आजूबाजूला असं पाहिलं की निदान दोन-चारजणांनी तरी हे बघायला हवं होतं. मी चार स्काउट बोलावले. तेव्हापासून गाठींचा वर्ग त्यांच्याकडे आहे.

मग मी हेच धोरण केलं. 'स्वयंसेवक' हा शब्द पथकातून हद्दपार. त्याऐवजी नावानिशी, कामानिशी, वेळेनिशी गाठायचं. 'रविवारी येऊन मदत करा' याला कोणीही नाही म्हणू शकतं, कारण त्यात नक्की काय करायचं ते कळत नाही, आणि माणूस न कळलेल्या कामाला सगळ्यात जास्त भितो. पण 'येत्या रविवारी आठ ते साडेआठ, बारा मुलांचे रुमाल वापरून हात कसा झोळीत बांधायचा ते दाखवा, तुम्ही नर्स आहात' याला नाही म्हणणं कठीण. अर्ध्या तासाचं काम सांगून बोलावलं की माणूस दोन तास थांबतो. दोन तासांचं सांगून बोलावलं तर त्याची आत्या वारते.

यातही एक मेख राहिली होती. कॅप्टनबाईंच्या ती लक्षात आली. त्या म्हणाल्या, "अहो, गणपतीत बघा ना." खरंच आहे. आमच्या गावात पाडव्याच्या स्वागतयात्रेला पहाटेपासून फेटे बांधून हजारो माणसं उभी राहतात, तिथे कोणाला वेळ नसतो असं होत नाही. गणपती मंडळात रात्री दोन वाजता ट्रॉलीला धक्का मारायला दहाजण पुढे होतात. का? कारण छातीवर बिल्ला असतो. बिल्ल्यामुळे दोरीच्या आत उभं राहता येतं आणि बाहेरच्यांना 'मागे व्हा' म्हणता येतं. आणि पत्रिकेवर तर काय, अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, सल्लागार अशी पदं असतात की वर्गणीदारांपेक्षा पदाधिकारी जास्त. मदतनीस म्हणून मराठी माणूस हलत नाही. प्रमुख म्हणून तो डोंगर हलवतो, निदान हलवायच्या बैठकीला येतो.

तेव्हापासून आमच्याकडे मदतनीस कोणीच नाही. पाणीप्रमुख आहेत, चप्पलप्रमुख आहेत (मुलांच्या चपला ओळीत लावून घेणं, हे खातं रिकामं राहत नाही), प्रथमोपचारप्रमुख आहेत. बँकेतले एक काका भांडारप्रमुख झाले आणि पथकाचा कायापालट झाला. पूर्वी आमच्या दोऱ्या वर्षाला निम्म्या गायब व्हायच्या. आता दोरी हवी असेल तर स्लिप भरावी लागते, संघनायकाची सही लागते, आणि परत करताना काका तिची लांबी मोजून घेतात. साडेअकरानंतर व्यवहार बंद. एकदा मीच तातडीने फावडं मागितलं तर म्हणाले, "सर, तुमची सही रजिस्टरशी जुळत नाही."

इतकं सगळं जमलं म्हणून आम्ही खूश होतो. पण पालक येत नाहीत ही अडचण छोटी होती, हे ते यायला लागल्यावर कळलं.

शिबिर मुरबाडजवळ एका शेतावर होतं. मुलांनी संघासंघाने तंबू ठोकायचे, चूल मांडायची, खिचडी करायची, असा बेत. स्काउटिंगचा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच असतो की सहा-आठ मुलांच्या टोळक्याने, त्यांच्यातल्याच एका किंचित मोठ्या मुलाच्या हुकमाखाली, स्वतः काहीतरी बिघडवावं आणि स्वतःच निस्तरावं. मोठ्यांनी लांबून पाहायचं. हे 'लांबून पाहायचं' पालकांना जमत नाही. गाडीतून उतरल्यापासून अर्ध्या तासात तंबू उभे होते, आणि उभे करणाऱ्यांत एकाही मुलाचा समावेश नव्हता. आठ बाप घामाघूम होऊन मेखा ठोकत होते आणि मुलं झाडाखाली बसून त्यांना गुण देत होती. एक गृहस्थ चूल पेटवत होते. लाकडं ओली, धूर डोळ्यांत, तरी हटेनात. बाजूला त्यांचा मुलगा उभा, हातात काड्यापेटी. "बाबा, मी करू?" असं तो विचारत होता. "थांब रे, भाजशील," असं बाबा खोकत खोकत सांगत होते. एक आई लेकाच्या पाठीशी ताट घेऊन फिरत होती. वाटमागाच्या खेळात मुलांनी खुणा शोधत जायचं होतं, तर एका बापाने मुलाला आधीच मोबाइलवर ठिकाण पाठवून ठेवलं होतं. तो संघ सगळ्यांच्या आधी पोचला आणि फार वेळ एकटाच कंटाळत बसला.

'खऱ्या कमाई'तही हेच. मुलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन छोटी-मोठी कामं करायची, गाडी पुसायची, माळा आवरायचा, आणि मिळेल ते पथकाला आणायचं, असा हा जुना उपक्रम. एका बाबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सर, हे पाचशे घ्या, कार्डावर लिहून टाका. आमचा मुलगा दुसऱ्याची गाडी पुसणार म्हणजे..." मी म्हटलं, "मग तुमची पुसू दे." ते विचारात पडले. "नको, ओरखडे पाडेल."

त्या रात्री शेकोटी विझल्यावर आम्ही दोघांनी ठरवलेला नियम आजही पथकाचा एकमेव लेखी नियम आहे: कोणत्याही पालकाला स्वतःच्या मुलाच्या संघावर काम मिळणार नाही. स्वतःच्या मुलापासून किमान एक तंबू अंतर.

या नियमाने जे केलं ते कुठल्या प्रशिक्षण वर्गाने केलं नसतं. धुरात खोकणारे तेच गृहस्थ दुसऱ्याच्या मुलीला चूल शिकवताना मी पाहिले. हात पाठीमागे, आवाज खाली. "आधी बारीक काटक्या. हं. आता वारा कुठून येतोय बघ." तिची काडी विझली. "विझू दे, आणखी आहेत." स्वतःच्या मुलाला काड्यापेटीला हात लावू न देणारा माणूस परक्या मुलीला अख्खी पेटी संपवू देतो. आपल्या मुलाच्या प्रत्येक चुकीत आपली अब्रू गुंतलेली दिसते, दुसऱ्याच्या मुलाची चूक म्हणजे फक्त चूक असते. आणि तिकडे त्यांचा मुलगा कोणा तिऱ्हाईत काकांकडून विळीवर कांदा चिरायला शिकत होता, आणि घरी कधी ऐकत नाही तसा ऐकत होता.

सगळ्यात कठीण परीक्षा झाली ती पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंची. आयुष्यभर रोज शेकडो पोळ्या उलटणारी बाई. त्यांना 'पाककृती निरीक्षक' हे पद दिलं आणि एकच अट घातली: डावाला हात लावायचा नाही. चार संघांच्या चार खिचड्या. एकीत पाणी जास्त, एकीत मीठ दोनदा, तिसरी खालून करपत होती आणि वरून कच्ची होती, असं त्यांना नुसत्या वासावरून दहा पावलांवरून कळत होतं. त्यांनी दोन्ही हात ओढणीत गुंडाळले आणि ओढणीला गाठ मारली. मध्येच मला म्हणाल्या, "सर, मी जरा त्या आंब्याच्या झाडापर्यंत जाऊन येते. इथे थांबले तर माझ्याच्याने राहवणार नाही." करपलेली खिचडी मुलांनी मिटक्या मारत खाल्ली आणि 'आमची सगळ्यांत भारी झाली' असं चारही संघांनी जाहीर केलं. बाईंनी प्रत्येकीतला एकेक घास घेतला. निरीक्षकाचा शेरा विचारल्यावर बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "गरम आहे."

आता त्या दर शिबिराला येतात. ओढणी घरून गाठ मारूनच आणतात.

पालक सगळेच टिकत नाहीत, तसं व्हायचंही नाही. काही दोन रविवार येतात आणि दहावीच्या वर्षात मुलाबरोबर आपलीही परीक्षा असल्यासारखे अदृश्य होतात. काहींना प्रमुखपद हवं असतं, पण खातं नको असतं. एका सल्लागारांनी पथकाला बोधचिन्ह सुचवलं, घोषवाक्य सुचवलं, टी-शर्टचा रंग सुचवला आणि प्रत्यक्ष मैदानावर अजून आलेले नाहीत. त्यांना आम्ही ग्रुपवरच ठेवलं आहे. तिरंगा तेच पाठवतात.

सिग्नलवाल्या गृहस्थांची गोष्ट मात्र निराळी झाली. त्यांची मुलगी नववीत गेली. प्रवेश परीक्षेचा क्लास सुरू झाला आणि त्याची वेळ रविवारी सकाळी सात. पथकातून तिचं नाव निघालं, तिने आपला स्कार्फ धुऊन, घडी घालून परत दिला. मी मनातल्या मनात गाठींच्या वर्गासाठी नवा माणूस शोधायला लागलो. पुढच्या रविवारी सातला दहा मिनिटं असताना स्कूटर आली. मागे कोणी नव्हतं. "तिला क्लासला सोडून आलो," म्हणाले, आणि काठीकडे गेले. पुढे ते प्रशिक्षणाला जाऊन आले, आता आणखी एक वर्ग करायचा म्हणतात. मण्यांबद्दल घरी अजून बोललेले नाहीत.

गेल्या शिबिरात एक नवे बाबा आले होते. मुलाला तंबूपर्यंत पोचवायला म्हणून शेतावर शिरलेले, हातात गाडीची किल्ली, एक डोळा रस्त्याकडे. कांद्यांच्या पोत्याजवळ उभ्या असलेल्या सिग्नलवाल्यांना त्यांनी सहज विचारलं, "तुमचा मुलगा कुठल्या संघात?"

"माझं इथे कोणी नाही," ते म्हणाले.

नव्या बाबांना हे चमत्कारिक वाटलं. किल्ली खिशात गेली. "मग तुम्ही कशाला येता?"

"सांगतो की," सिग्नलवाले म्हणाले, आणि पोत्याचं एक टोक त्यांच्याकडे सरकवलं. "हे जरा धरा."